काळ्या पट्टीखालचं पत्र

पैंजण, पांढरी साडी आणि खिडकीतला हात हवा असेल, तर दुसरीकडे जा. तसल्या भाकडकथांना मी कवडीची किंमत देत नाही.

हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या मार्चमधला रविवार, दुपारचे तीन, सासऱ्यांची खोली. बाहेर लख्ख ऊन होतं.

सासरे जाऊन दोन महिने झाले होते. टीव्हीला जोडायचा, फ्लॉपीवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर त्यांनी जिवापाड जपला होता. शेवटच्या आजारपणात त्यावर सासूबाईंसाठी पत्र लिहून ठेवलं. एकच फ्लॉपी, आणि ती उघडेना.

असली डबडी दुरुस्त करणं हा माझा धंदा. म्हातारा नुसता हौशी, उंटावरचा शहाणा. फ्लॉपीच्या कडेला खाच असते. ती झाकली की तिच्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. हा प्रत्येक खाचेवर काळी पट्टी लावायचा. वर पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापायचा. 'आधी प्रत काढायची, मूळ डिस्कला हात लावायचा नाही,' हे त्याचं पालुपद. मी तोंडावर हो म्हणायचो आणि मनात हसायचो.

दुरुस्तीचा प्रोग्राम लावला, तर खाच झाकलेली म्हणून तो चालेना.

प्रत काढण्यात अर्धा तास गेला असता. कोण बसतंय...

मी पट्टी सोलली आणि टेबलाच्या कडेला चिकटवली.

प्रोग्राम सुरू झाला. मग ड्राइव्हचा आवाज बदलला.

खर्र... खट्.

पडद्यावरचे रकाने एकेक करून रिकामे व्हायला लागले. प्रोग्राम दुरुस्त करत नव्हता, पुसत होता. आणि बाहेर सासूबाई चष्मा पुसून तयार बसल्या होत्या.

मी प्लगच उपटला.

पडदा काळा झाला. ड्राइव्हचा दिवा विझला.

आवाज मात्र...

खर्र... खट्. खर्र... खट्.

प्लग माझ्या हातात होता.

मग तोही थांबला. आणि अगदी कानाशी... कात्री चालली.

कच्.

कच्... कच्... कच्.

चार वेळा.

मी फ्लॉपी बाहेर ओढली. खाचेवर काळी पट्टी होती. कोपरे गोल.

मी सोललेली पट्टी टेबलाच्या कडेला तशीच होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "जावईबापू, आधी प्रत काढा," एवढंच म्हणाल्या.

प्लग पुन्हा लावून प्रत काढली आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच केली. पत्र अख्खं मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं, रडल्या. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

'ता. क. जावयाने पट्टी सोलली. मी पुन्हा लावली आहे.'

पट्टी लागल्यावर लिहिता येत नाही. म्हणजे आधी ती ओळ लिहिली गेली... आणि प्लग तेव्हा माझ्या हातात होता.

भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण प्रत काढल्याशिवाय मी आता कुठल्याच डिस्कला हात लावत नाही.

दुकानातली कात्रीही मी काढून टाकली आहे.