लातूरच्या उतारावर

टँकर माझ्यापासून चार हातांवर कचकन थांबला, तेव्हा माझी वही नाल्यात पडली होती.

दुष्काळाचं वर्ष होतं. औशाकडून येणारे पाण्याचे टँकर बायपासवरून लातूर गावात उतरत. आणि मी, बिलोलीची गोदावरी सोनकांबळे, नांदेडच्या कॉलेजातल्या एम.टेक.च्या प्रबंधासाठी त्या उतारापाशी बसून मोजत होते... किती गाड्या ऐनवेळी लेन बदलतात.

ड्रायव्हर खाली उतरला. सावळा, उंच, डोळ्यांत घाबरलेपण.

“लागलं तर न्हाई ना मॅडम?”

“नाही. आजचे एकशे अठरावे तुम्ही. आडवे घुसणारे.”

“मंग बाकीच्यांनी काय सांगितलं? का घुसले?”

मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मन्मथनं, म्हणजे त्यानं, नाल्यातून वही काढून दिली आणि सांगितलं, “पाटी दिसती तवा उतार आलेलाच असतोय. ब्रेक दाबावा तर टाकीतलं पाणी गाडीला पुढं ढकलतंय. पाटी आधी लावा, उतरायची लेन लांब करा. कोण कशाला घुसंल?”

दुसऱ्या दिवसापासून तो येता-जाता थांबू लागला.

“आज मी लई आधी लेन बदलली. लिवलं का?”

“मी बघतेय म्हणून बदलली. माझे आकडे बिघडवताय तुम्ही.”

“मंग बघू नका...” तो हसून म्हणाला.

मी बघतच राहिले.

त्याच आठवड्यात तिथं एक टँकर उलटला. ड्रायव्हर वाचला, पण अख्ख्या वस्तीचं पाणी मातीत गेलं. मी तडक रस्ते खात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले.

“रस्ता काय ड्रायव्हरला विचारून बांधायचा?” ते म्हणाले.

“त्यावर गाडी तोच चालवतो, साहेब. आठ दिवस द्या.”

मन्मथनं साथीदार गोळा केले. वाळूचे ड्रम मांडून, चुन्याचे पट्टे ओढून आम्ही उतरायची लेन दोनशे मीटर लांबवली. पाटी अर्धा किलोमीटर मागं नेली. आठव्या दिवशी ऐनवेळी घुसणाऱ्या गाड्या होत्या फक्त नऊ. साहेबांनी स्वतः उन्हात उभं राहून मोजल्या, आणि तिथंच पक्क्या कामाच्या कागदावर सही केली. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून रस्ता दणाणून सोडला.

मन्मथ मात्र हॉर्न न वाजवता खाली उतरला.

“आता तुमी नांदेडला जाणार,” तो म्हणाला. “तुमी इंजिनेर... आमी टँकरवाले. जातबी येगळी.”

“आईला सगळं सांगितलंय मी. रविवारी बोलावलंय तिनं तुम्हाला. मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

शेजारून एक ट्रक धडधडत गेला.

“काय म्हणलाव?”

“ऐकू आलंय तुम्हाला.”

“हाव, आलंय,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “तरी म्हणा.”

मी पुन्हा म्हणाले... या वेळी सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं.