दुपारी कुणाशी बोलतेस, मैसम?

कुणीतरी या पोरांच्या तोंडातली जीभ चोरून नेली आहे. चोरी भरदिवसा झाली, घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही. उलट चोराला बैठकीत मानाची जागा दिली, त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला आणि पोरांना बजावलं, "बस याच्यासमोर. आणि गप्प बस."

हादिया हे पुढे ज्याला त्याला सुनावत सुटायची. पण त्या दुपारी तिच्या डोक्यात असलं काही नव्हतं. आईने झाकून दिलेलं मुलूखियाच्या रश्श्याचं भांडं बहीण वहीदाकडे पोचवायचं, एवढंच काम होतं. समुद्रकाठच्या सूस शहरातल्या कॉलेजातलं शिक्षण संपवून ती नुकतीच वाळवंटाकाठच्या नफ्त्याला घरी परतली होती. जुलै महिना, डोक्यावर ऊन. भिंतींच्या विटा भट्टीतून आत्ताच काढल्यासारख्या तापलेल्या. गल्लीत तापल्या विटेचा आणि धुळीचा कोरडा वास भरून राहिला होता, आणि बाहेरच्या खजुरीच्या बागांमधून पानसुद्धा हलल्याचा आवाज येत नव्हता.

लहानपणी ही गल्ली अशा वेळीही रिकामी नसायची. आया झोपल्या की पोरं चोरपावलांनी बाहेर सटकत. म्हणून तर आयांनी दुपारची म्हातारी पाळली होती! ऐन उन्हात ती गल्लीतून फिरते, एकट्यादुकट्या पोराच्या मागे येऊन त्याचा हात धरते आणि विचारते, "तुझी आई कोण?" तेव्हा वळून बघायचं नाही. पोटापासून ओरडायचं, "यम्मा!" नफ्त्यातली पोरं आईला हीच हाक मारतात. ती ऐकली की म्हातारी हात सोडते. ज्याला ही हाक मारता येत नाही, तो तिचा. हादियाने किती वेळा गंमत म्हणून ओरडून आईची झोप मोडली होती आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

आज गल्लीत एक पोर नव्हतं. प्रत्येक बंद खिडकीमागून एकच गाणं ऐकू येत होतं. हादिया चालत राहिली तरी गाणं तुटत नव्हतं, एका घराने सोडलं की पुढचं घर ते उचलत होतं.

वहीदाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार आणि त्यात निळा, थरथरता उजेड. मुलीकडे लक्ष द्यायला ठेवलेली शेजारची उम्मी सासिया भिंतीला टेकून घोरत होती. टीव्हीसमोर चटईवर चार वर्षांची मैसम बसली होती. गालात पावाचा घास तसाच होता. खालच्या ओठावर माशी बसली होती, आणि ती उडवायला पोरीचा हात उठत नव्हता.

"मैसम! बघ कोण आलंय! मावशी!"

पोरीने मान वळवली नाही. हादिया तिच्या आणि पडद्याच्या मधे जाऊन उभी राहिली. तेव्हा मैसमने डोकं एका बाजूला कलतं केलं आणि स्वच्छ, कोरीव शब्दांत म्हणाली, "कृपया बाजूला व्हावे. आपण माझ्या दृष्टीच्या आड येत आहात."

हादियाला आधी हसू फुटलं. मग दिसलं, पोर थट्टा करत नव्हती.

उम्मी सासिया दचकून जागी झाली. "बिस्मिल्ला! असंच बोलते गं ही. ग्रंथातल्यासारखं. माणसं बोलतात का कधी अशी? जिन्न बोलतात. मी वहीदाला म्हटलं, शेखकडून पाणी फुंकून आण."

"जिन्न नाही उम्मी, हा डबा! यातली चित्रं पुस्तकी अरबीत बोलतात. जगातल्या कुठल्याही चुलीपाशी ती भाषा बोलत नाहीत. तुम्ही झोपता आणि ही दिवसभर तेच पीत बसते."

"झोपते कुठे? डोळे मिटून लक्ष ठेवते मी."

संध्याकाळी वहीदा खजूर भरायच्या कारखान्यातून आली. हातांची बोटं चिकट, पाय सुजलेले. तक्रार ऐकायला ती तयारच नव्हती.

"काय वाईट आहे गं? शाळेत गेली की मास्तर तोंडात बोट घालतील. काल मला म्हणते, 'हे माते, मला क्षुधा लागली आहे.' शेजारणी जळून कोळसा झाल्या!"

"यम्मा कधी म्हणाली?"

वहीदाचा भाकरी मोडणारा हात थांबला. "म्हणेल की."

"चार वर्षांची झाली, वहीदा."

"मग तू सांभाळ ना! नवरा लिबियात, मी सकाळपासून खोक्यांपुढे उभी. भाषणांवर पोरं वाढत नाहीत, कॉलेजवाल्या बाईसाहेब."

हादियाचा राग बहिणीवर नव्हताच. एकट्या बाईला दिवसभर राबवायचं, तिच्या पोरासाठी पाळणाघर उघडायचं नाही, गल्लीत सावलीचं एक झाड ठेवायचं नाही, आणि मग घरोघरी रंगीत चित्रं पाठवायची आणि म्हणायचं, बघा, पोरं कशी शहाणी झाली! ज्यांनी हे मांडलं त्यांना गाठावं तरी कुठे? गाठता येत होता तो फक्त डबा.

"उद्यापासून दुपारी मी बसते तिच्यापाशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उम्मी सासियाला घरी पाठवून तिने टीव्हीची पिन भिंतीतून उपटली. आता रडारड होणार, म्हणून ती सरसावून बसली होती.

मैसम रडली नाही. काळ्या काचेकडे तोंड करून तशीच बसून राहिली. हादियाने सागरगोटे काढले, माती भिजवून उंट केला, आईची जुनी गाणी म्हटली. "आभारी आहे. नंतर," मैसम प्रत्येक वेळी म्हणाली. उंट चटईवर सुकून गेला. घर शांत झालं. गल्लीतली गाणीही आज दूर गेल्यासारखी वाटत होती.

मग मैसम बोलू लागली. तिच्याशी नव्हे.

"नाही... मावशीने बंद केला आहे."

थोडं थांबून, ऐकल्यासारखं करून ती म्हणाली, "होय. ती माझ्या मागेच बसली आहे."

हादियाने हातातला सागरगोटा खाली ठेवला. "कुणाशी बोलतेस, मैसम?"

"वृद्धेशी."

"कुठली वृद्धा?"

"दुपारची. पूर्वी ती बाहेर असे. आता बाहेर कुणी बालक येत नाही, असे ती म्हणते."

ही गोष्ट पोरीला सांगितली कुणी? वहीदाने? उम्मी सासियाने? कुणीच नाही. जे पोर घराबाहेर पडतच नाही, त्याला बाहेरची भीती कोण घालेल? या गल्लीत गेल्या कित्येक वर्षांत म्हातारीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

"ती... काय विचारते तुला?"

"माझी आई कोण, हे."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला तिचे बोलणे नीट उमगत नाही," मैसम नम्रपणे म्हणाली. "ती तुमच्यासारखी बोलते."

खिडक्या बंद होत्या. तरी खोलीत वास येऊ लागला... तापल्या विटेचा, गल्लीतल्या धुळीचा. हादिया गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि तिने काचेला हात लावला. झटकन मागे घेतला. पिन जमिनीवर पडलेली होती, आणि काच उन्हातल्या भिंतीसारखी पोळत होती.

त्या काळ्या काचेत खोली दिसत होती. दार, चटई, मातीचा उंट, हादिया स्वतः, आणि तिच्याशेजारी मैसम. काचेतल्या मैसमचं तोंड सताड उघडं होतं. ती ओरडत होती. ओठ मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते... एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

हादियाने सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं. तिथे बसलेल्या मैसमचं तोंड मिटलेलं होतं.

"मैसम! म्हण! यम्मा म्हण! जोरात!" तिने पोरीला खांद्यांना धरून गदगदा हलवलं.

मैसमने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "तो शब्द आता येथे नाही."

त्यानंतर हादिया थांबली नाही. ओढणी हातांना गुंडाळून तिने तो जड, जुना टीव्ही उचलला, उंबऱ्याला ठेचकाळत बाहेर आणला आणि भिंतीशी आपटला. काच मात्र फुटली नाही. उन्हं कलताना भंगारवाला बूबकर आपली ढकलगाडी घेऊन "रोबाफीक्या! रोबाफीक्या!" ओरडत गल्लीत शिरला.

"घेऊन जा, बूबकरकाका. पैसे नकोत."

"चालू आहे का?"

"चालू आहे म्हणूनच देतेय!"

वहीदा आली, आधी ओरडली, मग रडली, मग हळूहळू निवली. कारण पोर सुधारल्यासारखी दिसत होती. वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, आल्यागेल्याला सलाम करायची. हादिया तिला रोज बागेत न्यायची, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसवायची, आणि शेजारणींना दारोदार जाऊन सांगायची, "बघा! एक डबा बाहेर काढला तर पोर माणसात आली. तुम्हीही काढा!" काचेत काय पाहिलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. डोळे दिपले असतील, उष्मा होता, असं ती स्वतःला समजावत होती. मैसम अजून एकही शब्द घरच्या बोलीत बोलली नव्हती. वेळ लागेल, हादिया म्हणायची. चार वर्षांचं विष आहे, उतरायला वेळ लागेलच.

उन्हाळा सरता सरता एका संध्याकाळी वहीदा उंबऱ्यावर बसून मैसमची वेणी घालत होती आणि हादिया शेजारी कलिंगड कापत होती. तेव्हा बूबकरची गाडी दारासमोर येऊन थांबली. आज तो ओरडत आला नव्हता. गाडीत पोत्याखाली झाकलेला तो टीव्ही होता.

"परत घे हा, पोरी," तो हादियाला म्हणाला.

"का? बिघडला?"

"लावलाय कुणी? माझ्या खोपटात वीज कुठाय!"

वेणी अर्धी सोडून मैसम उठली, उजवा हात छातीवर ठेवून उभी राहिली. "आपणास शांती लाभो, आदरणीय काका."

बूबकर एक पाऊल मागे सरला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणला.

"दुपारी गाडी सावलीला लावली की आतून एक पोर यम्मा, यम्मा म्हणून रडते... अगदी आपल्या नफ्त्याची बोली आहे तिची. कुणाची असेल ती शोध गं, तिच्या आईकडे पोचव तिला."