मिटलेला जबडा

दादाचं अर्धवट राहिलेलं वाचन पूर्ण करायला मी त्या दुपारी गेले, तेव्हा पिशवीत गरम पाण्याची बाटली, खडीसाखर आणि चष्मा एवढंच होतं. भीतीबिती काही नव्हती. असलाच तर राग होता, आणि तोही मेलेल्या माणसावर. याच्याइतकं बिनकामाचं काम दुसरं नाही.

अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची ती संस्था. दादा तिथे वर्षानुवर्षं वाचायचा. शेवटी त्यानं लांडग्यांवरचं ते जुनं दीर्घकाव्य हाती घेतलं होतं. त्यातला एक तुकडा आम्हाला शाळेत होता. कळप बर्फातून निघालाय, एक जण मागे राहिलाय, आणि पुढचे थांबून थांबून त्याला हाक घालतायत. मागचा काही साद देत नाही. अखेर कळप निघून जातो. ‘मागचा मेला, पण कळपानं निष्ठा सोडली नाही,’ असा अर्थ बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता आणि आम्ही तो परीक्षेत निमूटपणे ओकला होता.

माझा राग वेगळाच होता. छातीचा, एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार निघाला तेव्हा दादा कुणाला पत्ता न देता दूर कुठल्याशा इस्पितळात जाऊन पडला. मी फोन करायचे. घंटा वाजत राहायची. रोज करायचे, कडेवर तान्ही लेक घेऊन. त्यानं एकदाही उचलला नाही. सख्ख्या बहिणीला इतकं परकं करावं? त्याच्या मनात मी कोणीच नव्हते का, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि ते सांगणारा तर गेला होता.

ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ वयस्कर. बारीक कुजबुजही त्यांच्या कानातून सुटायची नाही, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. तिला खिडकी नव्हती. भिंतींना जाड राखाडी कापड, पायाखाली गालिचा, टेबलावर एक छोटा पिवळा दिवा. जुन्या लोकरीचा आणि तापलेल्या यंत्राचा मिसळलेला वास. दार लागलं आणि बाहेरचं जग कुणीतरी पुसून टाकावं तसं गेलं. स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येईल इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खोटं कशाला बोलू, ती मला आवडली. पापण्या जड झाल्या.

काचेपलीकडून कानसेनांचा आवाज कानातल्या यंत्रात आला.

“नियम ऐकून ठेव, पोरी. प्रत्येक हाकेच्या कडव्यानंतर थांबायचं. जुन्या काळी हे काव्य म्हणणारे तिथे थांबत आणि ऐकणारे साद देत. आपण ती जागा मोकळी सोडतो. मी म्हणेपर्यंत हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.”

“आणि साद?”

“ती ऐकणारा घरी देईल. इथे कुणी द्यायची नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “आधी त्याचं शेवटचं ऐक. म्हणजे सूर जुळेल.”

कानात दादा आला. तोच किंचित घोगरा, मिश्कील आवाज.

*पुढे चालली पावले, मागे वाऱ्याचे रान,*
*हाक देऊन थांबती, उभे करूनी कान.*

मग मोकळी जागा. मग पुढचं कडवं.

*ऐके एकटा मागला, पाय रुतले हिमात,*
*मिटून घेई जबडा, शांत होतसे उरात.*

आणि इथे दादा वाचायचा थांबला. खुर्ची करकरली. तो कानसेनांशी बोलत होता, ते यंत्रात तसंच राहिलं होतं.

“काका, आपल्याला शाळेत काय वाट्टेल ते शिकवलं हो. हा मेलेला नाही. मेलेल्या जनावराचा जबडा सुटतो, मिटत नाही. हा शुद्धीवर आहे. साद दिली तर सगळा कळप माघारी येईल, पिल्लांसकट, आणि वादळात गाडला जाईल. म्हणून हा दात दाबून गप्प बसलाय…” एक लांब खोकला. “निष्ठा हाक मारणाऱ्यांची नाही, काका. याची आहे.”

मग नुसती खरखर.

“दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही,” कानसेन म्हणाले.

मी बाटलीचं झाकण उघडत होते, ते हातातच राहिलं. डोळ्यांना धार लागली. मी रोज हाक घालत होते, कडेवर तान्ही पोर घेऊन, आणि तो तिकडे फोन वाजताना ऐकत होता. उचलला असता तर मी तशीच धावत गेले असते, पोरीला घेऊन. त्याला मी पुरती ठाऊक होते. केवढा राग केला मी त्याचा!

“आज राहू दे का?” कानसेनांनी विचारलं.

“नाही. वाचते.”

मी वाचायला लागले. कडव्यामागून कडवी सरकत होती, डुलकीत वाट चालावी तशी. पिवळ्या उजेडात टेबलाच्या कडा विरघळत गेल्या. पांढरा कागद दूरवर पसरत गेला. गारवा कुठून आला कळलं नाही, पण तोही हवासा होता, आणि त्याला ओल्या केसाळ अंगाचा उबदार वास होता. प्रत्येक मोकळ्या जागेत मला वाटायचं, मागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे. वाटायचं काय, माझी खात्री होती. भीती नव्हती त्यात. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर दादा मागे असला की पाठ कशी निवांत असायची, तसं होतं.

शेवटची हाक वाचली. थांबले. कान उभे केले.

आणि साद आली.

“अगं ए…” दादाचाच आवाज. घोगरा, मिश्कील. “थांब की जरा… मागे बघ…”

आनंदानं माझं सगळं अंग वळायला निघालं. ‘ओ’ अगदी ओठांवर आली. आणि तेवढ्यात मी थबकले. मरेपर्यंत ज्यानं दात दाबून धरले, तो आता बोलावील? दादा नाही बोलावणार. कधीच नाही.

मग हे कोण?

काचेपलीकडे कानसेन उभे होते. चेहरा पांढराफटक. बोट ओठांवर गच्च दाबलेलं.

मी गप्प राहिले. जबडा दुखेपर्यंत गप्प राहिले.

नंतर आम्ही दोघांनी ते पुन्हा ऐकलं. यंत्रात ती हाक नव्हती. होता तो माझ्या पाठीमागून आलेला एक बारीक आवाज. दातावर दात घट्ट रोवले जातात तसा. आणि नाकातून कष्टानं सोडलेला श्वास.

“हा तुझा दादा,” कानसेन हळूच म्हणाले. “हा श्वास मी ओळखतो.”

“आणि मी ऐकलं ते? तुम्हीही ऐकलंत ना?”

ते यंत्र झाकायला लागले. “साद देऊ नकोस. बस, एवढंच.”

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. ती हाक येतच असते. भर दुपारी, गल्लीत, गर्दीत, नेहमी मागून. मी वळत नाही. सवय झाली आहे. ती आली की पाठोपाठ दातांचा तो आवाजही येतो, आणि त्याच्या भरवशावर मी पुढे चालत राहते. दादानं आपलं काम सोडलेलं नाही, असं मनाशी म्हणते, आणि मला त्याची इतकी माया वाटते की रस्त्यात रडू येतं.

काल संध्याकाळी मात्र लेकीला घेऊन घरचा जिना चढत होते. ती आता दुडूदुडू चालते, दिसेल त्याच्याशी बोलते. हाक आली. पण मागून नाही, वरून. आमच्या बंद दाराच्या बाजूनं. “अगं ए…”

मी दातांच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

माझ्या मुठीतलं बोट हळूच सोडवून घेत माझी लेक वरच्या पायरीवर गेली, आणि ओळखीचं कुणी दिसावं तशी हसून म्हणाली,

“ओ… आले!”