हेतुकथन राहिले

चूक तिचीच होती, हे तिने पुढे कधीच नाकारलं नाही. सातवी ‘अ’ समजून ती सातवी ‘ब’मध्ये शिरली आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून ऐटीत बसली.

शिक्षक व्हायच्या त्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. भूगोलाची पदवी पदरात, आणि अंगात जग सुधारायची खुमखुमी. शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचे आणि दुसऱ्यांच्या पाठांना मागे बसून त्यांच्या चुका लिहून काढायच्या, असा नियम होता. यातलं दुसरं काम तिला मनापासून आवडायचं.

समोर एक उंच मुलगा घामाघूम होऊन शिकवत होता. बाह्यांना खडू लागलेला, फळ्यावरची प्रत्येक ओळ उजवीकडे उतरत चाललेली. ‘जर गजर वाजला असता, तर मी उठलो असतो.’ तिने वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी ठसठशीत अक्षरात लिहिलं – ‘हेतुकथन राहिले. आज काय शिकायचे, हे वर्गाला कळतच नाही.’

हेतुकथन म्हणजे काही अवघड प्रकरण नव्हे. दोन-चार प्रश्न विचारून प्रस्तावना करायची आणि मग एका वाक्यात सरळ सांगून टाकायचं, ‘आज आपण अमुक शिकणार आहोत.’ झालं! पण नेमकं तेच वाक्य भल्याभल्यांच्या तोंडून निघत नाही.

घंटा झाल्यावर तो तिच्या वहीवर सही करायला आला. ज्याचा पाठ, त्याची सही लागायचीच.

“तुम्ही नक्की कुणाच्या पाठाला आला होतात?”

“गणिताच्या.”

“अहो, मी अर्धा तास जर-तर शिकवतोय! हे गणित वाटलं तुम्हाला?”

“मला वाटलं… प्रस्तावना लांबली.”

तो असा काही खदखदून हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तिला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. वहीच्या पानांवर आकडे छापलेले, त्यामुळे पान फाडायचीही सोय नाही! त्याने शांतपणे सही केली आणि खाली लिहिलं, ‘चूक मान्य. – व्याकरण.’

मार्गदर्शक बाईंनी ते पान पाहिलं आणि चष्म्यावरून दोघांकडे बघत म्हणाल्या, “सुरुवात झालीच आहे तर आता वर्षभर एकमेकांचेच पाठ बघा.” तेव्हापासून तो झाला ‘व्याकरण’ आणि ती ‘भूगोल’. वर्गातल्या सगळ्यांनी त्यांची खरी नावं जवळजवळ विसरूनच टाकली.

मग ते वर्ष… कसं गेलं, तिला आजही सांगता येत नाही. वह्या मात्र सांगतात. ती लिहायची, ‘फलकलेखन उतरते. फळा धरून ठेवावा काय?’ तो लिहायचा, ‘नकाशा उत्तम, परंतु नकाशाकडे लक्ष जात नाही.’

“म्हणजे काय? रंग फिके झालेत का?” तिने काळजीने विचारलं होतं.

“मुलांचं लक्ष जातं. निरीक्षकाचं जात नाही.”

एकदा शाळेतून परतताना पावसाने गाठलं. दोघांत एकच छत्री, आणि तिच्या काखेत चार रात्री जागून रंगवलेला वाऱ्यांचा नकाशा. त्याने मुकाट्याने छत्री नकाशावर धरली. दोघंही नखशिखान्त भिजले, पण नकाशाला थेंबाचाही स्पर्श झाला नाही. शाळेच्या फाटकापासून वसतिगृहापर्यंत तिच्या कोपराला त्याच्या ओल्या बाहीचा गारवा सारखा जाणवत राहिला. त्या संध्याकाळी आपण प्रेमात पडलोय हे तिला कळलं.

हेतुकथन तो तरीही दर पाठाला विसरायचा.

“तुमची प्रस्तावना फार गोड असते,” ती म्हणायची, “पण म्हणायचंय काय, ते काही तुम्ही सांगत नाही.”

“सांगेन की… एखाद्या पाठाला.”

वर्ष सरत आलं आणि बाबांचं पत्र आलं. घराजवळच्या शाळेत भूगोलाची जागा निघाली होती. परीक्षा झाली की थेट रुजू व्हायचं. इकडे मार्गदर्शक बाईही म्हणत होत्या, “सरावाच्या शाळेतही भूगोलाला कुणी हवंय. राहणार असशील तर शनिवारपर्यंत सांग.” त्याला त्याच शाळेत नोकरी लागलेली. म्हणजे त्याचं एक वाक्य, फक्त एक, आणि ती राहणार होती.

साहित्याच्या खोलीत नकाशे गुंडाळताना तिने त्याला सगळं सांगितलं.

“घराजवळ नोकरी… चांगलंच की,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि… बाबांनाही बरं वाटेल.”

“बाकी कुणाला काहीच वाटणार नाही?”

त्याच्या हातातला खडू मोडला. तो वाकून तुकडे गोळा करत राहिला. घोडं तिथेच पेंड खात होतं! आपणच विचारावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तीही मानी. निरीक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, असं स्वतःला बजावून तिने नकाशाला दोरा बांधला. शनिवार आला आणि गेला.

ती निघाली त्या दिवशी तो धावतपळत बसपाशी आला. काखेत वाऱ्यांचा नकाशा.

“हा राहिला होता.”

“आणखी काही राहिलंय?”

“हवा बरी आहे आज,” तो म्हणाला. “गाडीला गर्दीही नाहीये… खिडकी मिळाली ना?”

“प्रस्तावना छान आहे,” ती हसत म्हणाली. डोळे भरून आले होते. “पुढे?”

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी सुरू झाली, आणि तो एवढंच ओरडला, “पोचलात की कळवा!”

तिने कळवलं. त्याचंही उत्तर आलं, दोन ओळींचं, उजवीकडे उतरणारं. मग हळूहळू तेही थांबलं. पुढे तिचं लग्न झालं. नवरा भला निघाला, मुलगी नोकरीला लागली, केस पिकले. आता ती स्वतःच मार्गदर्शक मॅडम होती. पाठीमागे विद्यार्थी तिला ‘हेतुकथन मॅडम’ म्हणतात, हे तिला ठाऊक होतं.

परवा ती अशीच मागच्या बाकावर बसली होती. पाठ घेणारी मुलगी बावीस-तेवीसची. तिने नेटकी प्रस्तावना केली, वर्गाकडे वळून खणखणीत हेतुकथन केलं आणि फळ्यावर उदाहरण लिहिलं –

‘जर मी तेव्हा बोललो असतो, तर ती थांबली असती.’

मॅडमचं पेन थांबलं.

घंटा झाल्यावर तिने मुलीला जवळ बोलावलं. “पाठ छान झाला. पण तू मुलगी ना? मग ‘बोलले असते’ का नाही लिहिलंस?”

“आमच्या शाळेतल्या सरांचं उदाहरण आहे मॅडम, जसंच्या तसं. दरवर्षी सातवीला हेच देतात.”

“आणि हेतुकथन? तेही सरांनीच शिकवलं?”

“हो! मी शिक्षक व्हायचं म्हटल्यावर म्हणाले, बाकी काहीही चुकू दे, हेतुकथन चुकवू नकोस. त्यांचा एक पाठ म्हणे त्यापायी कायमचा राहून गेला.”

“तुझे सर… उंच आहेत का गं? फळ्यावरच्या ओळी उजवीकडे उतरतात?”

“अय्या! तुम्ही ओळखता त्यांना?”

ओळखते का? तिने खिडकीबाहेर पाहिलं. वर्षानुवर्षं, दर सातवीसमोर, खडूने, मोठ्या अक्षरांत तो सांगत आला होता. फक्त जिला सांगायचं, तीच तेवढी वर्गात नव्हती. तिला हसू आलं आणि रडूही.

“सुट्टीत जातेस ना त्यांच्याकडे? मग त्यांना आणखी एक उदाहरण दे. घे लिहून. ‘तिने विचारलं असतं, तरी चाललं असतं.’”

मुलीने मन लावून लिहून घेतलं आणि मग कपाळाला आठी घातली. “पण मॅडम, यात ‘तर’ नाही. ‘तरी’ आलंय.”

“असू दे. त्यांना कळेल.”

मुलगी गेली. वहीतला शेऱ्याचा रकाना अजून कोराच होता. ‘हेतुकथन झाले,’ तिने लिहिलं, आणि लिहिता लिहिता ओळ जराशी उजवीकडे उतरली.