बारावं रीडिंग

अर्दियातल्या गोदामांच्या रांगेत दुपारी दोन वाजता सावली एकच होती, आणि तीही एका खिडकीतल्या एसीखाली. तेजस्वी तिथे जाऊन उभी राहिली, आणि तिच्या कपाळावर टपकन एक थेंब पडला.

"आई गं!"

कुवेतमध्ये सप्टेंबरात आभाळातून काही पडत नाही, जे पडतं ते एसीतून, हे चार वर्षांत तिला पाठ झालं होतं. पण शेजारच्या गोदामात तीन दिवसांपूर्वी चाळीस पिंपं थिनर सांडलेलं असलं, की कपाळावरच्या थेंबाकडे माणूस जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

"पाणीच आहे," मागून आवाज आला. "मी तपासलंय."

तिनं वळून पाहिलं. पायापासून गळ्यापर्यंत पांढरा सूट, कपाळावर सरकवलेला मास्क, गळ्यात मीटर. नाकाभोवती मास्कची गोल खूण — कुणी वाटी उपडी दाबून ठेवल्यासारखी.

"तुम्ही मराठी?"

"तुम्ही 'आई गं' म्हणालात. म्हटलं, आपणही सांगून टाकावं."

तेजस्वीनं त्याला निरखून पाहिलं. चेहरा अनोळखी होता, पण आवाज... हा आवाज तिनं चौदा महिने रोज कानाला लावला होता.

"मॉनिटर थ्री?" तिनं विचारलं.

वाटीच्या खुणेचा चेहरा गडबडला. "टॉक्स... टॉक्स वन?"

ह्यात योगायोग थोडा आणि कंपनीचा नियम जास्त होता. कुठे रसायन सांडलं की हवा मोजणारे लोक जागेवर जात आणि तेजस्वी हवल्लीच्या ऑफिसात फोनवर बसे. ती विषतज्ज्ञ. कुणाच्या नाकात काय गेलं, ते कशानं उतरेल, माणसं घरी कधी जातील, हे तिनं सांगायचं. लाइन रेकॉर्ड होत असल्यामुळे बोलायचं फक्त इंग्रजीत, नावं न घेता 'टॉक्स वन', 'मॉनिटर थ्री' असंच म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं. तो म्हणे, "पॉइंट फोर." ती म्हणे, "पॉइंट फोर." अशी त्यांची चौदा महिने बातचीत चालली होती. कित्येक नवरा-बायकोंची इतकीही चालत नाही.

"मला वाटायचं तुम्ही केरळचे," ती म्हणाली.

"मला वाटायचं तुम्ही दिल्लीच्या. आणि पन्नाशीच्या."

"पन्नाशीच्या?"

"आवाज थकलेला असायचा," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे... अनुभवी."

त्याचं नाव प्रीतम. चिपळूणजवळच्या लोट्याचा, म्हणजे केमिकलच्या कारखान्यांच्या सावलीत वाढलेला. वाऱ्याची दिशा बदलली की आई खिडक्या लावायची, त्यावरून त्याला लहानपणीच ह्या धंद्याची गोडी लागली, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगे.

आज तेजस्वी जागेवर आली होती, कारण कामगारांच्या घरवापसीच्या कागदावर सही करणारे साहेब रजेवर होते आणि त्यांच्या जागी तिची सही चालत होती. ही तिची कुवेतमधली शेवटची सही. तिनं राजीनामा दिला होता. आज गुरुवार, शनिवारी सकाळी नऊचं विमान, मुंबई, तिथून नाशिक.

"का जाताय?" प्रीतमनं विचारलं. हवेचं पहिलं रीडिंग सव्वादोनला होतं, त्याला दहा मिनिटं होती.

"झोपायला."

"नाशिकला?"

"तिथे फोन वाजत नाही." ती भिंतीला टेकली. गेल्या तीन दिवसांत ती मोजून आठ तास झोपली होती, तेही खुर्चीत. "खरं सांगू? मला आता कुठल्याही वासानं काही आठवत नाही. फक्त मर्यादा आठवते. जूनमध्ये मैत्रिणीनं हापूस कापला, तर मी मनात म्हटलं, एस्टर, आठ तासांत इतकं नाकात गेलेलं चालतं. त्याच दिवशी राजीनामा लिहिला."

प्रीतमनं मान हलवली. मग पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तेजस्वीला ते आवडलं.

गोदामाला लागून कामगारांची तीन मजली इमारत होती. थिनर फरशीखालून तिच्या गटारात उतरलं होतं, म्हणून त्रेसष्ट माणसं तीन दिवस एका शाळेच्या हॉलात झोपत होती. फोर्कलिफ्टच्या दातांनी पिंपांना भोकं कशी पाडली, ह्याचा अहवाल गोदामाच्या मालकानं तातडीनं दिला होता: 'नकळत.' आता नियम असा होता: दर पंधरा मिनिटांनी एक, अशी ओळीनं बारा रीडिंगं शून्य आली, तर माणसं घरी. मध्ये एकही आकडा वर गेला, तर पुन्हा एकपासून.

बारा रीडिंगं म्हणजे तीन तास. त्रेसष्ट माणसांना तो वेळ फार मोठा होता. प्रीतमला तो फार लहान वाटायला लागला, साधारण दुसऱ्या रीडिंगपासून.

"झीरो पॉइंट झीरो," त्यानं गटाराच्या झाकणापाशी वाकून सांगितलं.

"झीरो पॉइंट झीरो," तिनं लिहून घेतलं. "तुम्ही समोर उभे आहात. मराठीत सांगितलंत तरी चालेल."

"शून्य."

"शून्य. बघा, किती सोपं."

"मॅडम, तुम्ही हसताना फोनवर ऐकू यायचं नाही."

"हसतच नव्हते. पॉइंट फोरमध्ये हसण्यासारखं काय असतं?"

दोरीपलीकडे माणसं येऊन बसली होती. त्यांचा पुढारी विठ्ठलकाका, कुडाळचे प्लंबर, वय पंचावन्न, कुवेतात बावीस वर्षं. ते दर रीडिंगला दोरीपर्यंत येत.

"बायो, अजून नाय झाला?"

"पाच झाली, काका. सात राहिली."

"आमचो भात कुकरात तसोच रवलो गो. तीन दिवस झाले. आता तेचा रीडिंग कोणी घेवचा?"

"ते मॉनिटर थ्री घेतील."

"ह्यो?" काकांनी प्रीतमकडे पाहिलं, मग तेजस्वीकडे, मग दोघांमधल्या अंतराकडे. प्लंबरचं अर्धं आयुष्य गळती शोधण्यात जातं. "ह्येचा लक्ष मीटरवर हा मा?"

सहावं शून्य. सातवं शून्य. तेजस्वीनं लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली आणली, त्यानं खुबूसच्या रोट्या आणल्या. व्हॅनच्या पायरीवर बसून दोघांनी ते संपवलं, मध्ये फाइल ठेवून. वाऱ्याबरोबर बारीक धूळ येत होती आणि दोघांच्याही अंगात उठायचं त्राण नव्हतं. आठव्या रीडिंगला ती बसल्या बसल्या पेंगली. त्यानं मीटर हातात धरून उगाच उन्हात दोन पावलं सरकून घेतली, तिच्या तोंडावर सावली पडेल अशी. ती जागी झाली तेव्हा तो गंभीरपणे वाऱ्याची दिशा बघत होता.

"किती आलं?"

"शून्य."

"तुम्ही नाराज दिसताय."

"छे. शून्य चांगलंच आहे की..."

"त्रेसष्ट माणसं घरी जातील."

"हो ना," प्रीतम म्हणाला. नाशिकला जाणाऱ्या चौसष्टाव्या माणसाबद्दल तो काही बोलला नाही.

अकरावं शून्य पावणेपाचला आलं. दोरीपलीकडे टाळ्या पडल्या. प्रीतम व्हॅनकडे गेला, मीटरची बॅटरी बदलायला. तिथे ड्रायव्हर फारूक बसला होता, हैदराबादचा, आणि त्यानं दुपारभर आरशातून सगळं पाहिलं होतं.

"भाई, आखरी है ना?"

"हां."

"तो ऐसे जाओगे? सूँघा है खुद को?"

हवा मोजणाऱ्यांना अत्तर, आफ्टरशेव्ह, वासाचं तेल, सगळं बंद असतं. प्रीतम चौदा महिने बिनवासाचा माणूस होता, साबणसुद्धा औषधी दुकानातला. आणि आज, तीन दिवस सूटमध्ये शिजल्यावर, बिनवासाचाही उरला नव्हता. त्यानं स्वतःला हुंगलं. फारूक खरं बोलत होता. फारूकनं डॅशबोर्डवरची ऊदाच्या अत्तराची स्प्रेची बाटली उचलली आणि प्रीतमनं... मान किंचित पुढे केली. एवढंच. चौदा महिन्यांची शिस्त दोन फवाऱ्यांत गेली.

पाच वाजता तो केस सारखे करून आला. गटारापाशी वाकला. मीटर किंचाळलं.

"अडतीस," प्रीतम म्हणाला.

"अडतीस?"

दोरीपलीकडून असा आवाज आला, जसा त्रेसष्ट माणसांच्या पोटातून एकदम येतो. विठ्ठलकाका खालीच बसले. "गेला. पुन्ना एकपासून."

तेजस्वीची झोप उडाली. तिनं मीटर त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः गटाराशी गेली. शून्य. दाराशी शून्य. भिंतीच्या भेगेशी शून्य. ती वळली, आणि आकडा हलला. दोन. ती चालत आली. नऊ. सतरा. मीटर पुढे धरून ती प्रीतमसमोर येऊन उभी राहिली. एकतीस. कॉलरपाशी नेलं... चव्वेचाळीस.

"मॉनिटर थ्री," ती म्हणाली, "गळती सापडली."

सूटचा पांढरा रंग सोडून तो बाकी सगळा लाल झाला.

"ह्या मीटरला थिनर काय, परफ्यूम काय, उडून जाणारं सगळं सारखंच, हे तुम्ही मला शिकवायचं, का मी तुम्हाला?"

"मला माहीत आहे."

"मग?" तिनं फाइल उघडली. नियमाप्रमाणे चुकीचं रीडिंग रद्द करता येत होतं, पण कारण लिहून. आणि कारणाचं कारण, त्यासाठी वेगळी रेघ होती. "कारण?"

"परफ्यूम."

"परफ्यूमचं कारण?"

प्रीतमनं गटाराकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. "बारावं रीडिंग होतं."

"मग?"

"...तेरावं नव्हतं."

एसीचं पाणी टपटपत होतं. तेजस्वीचं पेन रेघेवर थांबलं. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं पुन्हा म्हणायचं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तेरावं नव्हतं." आणि लिहिलं मात्र, 'मानवी चूक'.

"आता पन्नास पावलं लांब जा. वारा जातोय त्या बाजूला."

"पण मॅडम..."

"चूक करणाऱ्याला लांब उभं करून रीडिंग पुन्हा घेतलं जातं. हाही नियमच."

म्हणजे ज्या पंधरा मिनिटांसाठी त्यानं वास मारून घेतला, ती त्यानं पन्नास पावलांवर, एका बंद शटरपाशी उभं राहून काढली. सव्वापाचला तिनं स्वतः रीडिंग घेतलं. शून्य. सही केली. माणसं दोरीवरून उड्या मारत आत गेली. विठ्ठलकाका जाताजाता शटरपाशी थांबले.

"बाबा, माणूस तीन तासात तोंडान सांगता. पिचकारी कित्याक होयी?"

तेजस्वीला हवल्लीला न्यायला गाडी आली. ती बसली, उतरली, आणि पन्नास पावलं चालत आली.

"हे घ्या." तिनं एक कागद पुढे केला. वास लागलेल्या माणसांच्या यादीची पुरवणी. रसायन नाकात गेलेल्या प्रत्येकाला चोवीस तासांनी आणि सात दिवसांनी विचारायचं, त्रास कमी आहे की वाढतोय. वाढत असेल तर प्रत्यक्ष तपासणी. यादीतलं चौसष्टावं नाव तिचं होतं. पदार्थ: ऊद. अंतर: एक वीत. खाली फोन नंबर आणि घरचा पत्ता. विचारणाऱ्याचं नाव: मॉनिटर थ्री.

"उद्या पाचला," ती म्हणाली. "वेळ पाळा."

शुक्रवारी पाचला फोन वाजला तेव्हा तेजस्वी अर्ध्या भरलेल्या बॅगेवर बसली होती. चौदा तास झोपूनही अंगात दमणूक होतीच, पण जरा शहाणी दमणूक.

"टॉक्स वन, चोवीस तास झाले. काही लक्षणं?"

"आहेत."

"कोणती?"

"कालच्या पाहणीतली ओढणी धुवायची राहिली. तिला तुमचा तो भयंकर वास आहे."

"सॉरी. फारूकचा आहे तो."

"सकाळपासून तीनदा हुंगली. आणि..." ती थांबली. "मर्यादा आठवत नाहीये."

पलीकडून एका गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"मग काय आठवतंय?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"माणूस."

"कोणता माणूस? नोंद... नोंद स्पष्ट हवी, मॅडम."

"वाटीच्या खुणेचा. उन्हात सरकून सावली पाडणारा. मी झोपले नव्हते तेव्हा पूर्ण."

"त्रास कमी होतोय की..."

"वाढतोय."

"मग नियमाप्रमाणे प्रत्यक्ष तपासणी," प्रीतम म्हणाला. "खिडकीतून बघा."

तो खाली उभा होता, धुतलेल्या शर्टात, औषधी साबणानं घासून काढल्यासारखा, पुन्हा पूर्ण बिनवासाचा. तेजस्वी दोन जिने उतरून आली, एवढ्या वेगानं ती कुठल्याही अपघाताला गेली नव्हती.

"विमान उद्या नऊला आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही जा. झोपा." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. रजेचा मंजूर अर्ज होता. "सात दिवसांनी विचारायचंय ना? तो फोन मी नाशिकहूनच करीन म्हणतो. तुमच्या दारातून."

"आई दार उघडेल."

"तिचंही रीडिंग घेऊ."

ती हसली, आणि ह्या वेळी ते त्याला ऐकूही आलं. मग त्यानं चौदा महिन्यांत एकदाही न बोललेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. साधंच होतं, सगळेच बोलतात ते. वर कुणाचा तरी एसी घरघरत होता.

"ऐकू आलं?" त्यानं घाबरून विचारलं.

तेजस्वीनं ते वाक्य, शब्द न बदलता, पुन्हा म्हणून दाखवलं. नियमाप्रमाणे.

वरून एक थेंब पडला, बरोबर तिच्या कपाळावर. प्रीतमनं मान वर केली.

"हा तपासलेला नाही."

"राहू दे," ती म्हणाली.