चंदनची घागर

आमच्या इंदूरकडच्या लालबागच्या घरात फोन कुणाचाही असो, संध्याकाळी तो माझ्या खाटेवर यायचा. तसा माझा हुकूमच होता.

हिमानी माझी नात, पंधरा वर्षांची. तिला तिच्या आईची, म्हणजे माझ्या सुनेची, पूर्णिमाची किडनी बसवली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी, जन्मभर. गोळी चुकली की शरीर त्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठतं, असं इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं. या वयाची पोरं गोळ्या चुकवतात, म्हणून दवाखान्यानं दोन-दोन पोरांच्या जोड्या लावल्या. एकानं मेसेज करायचा, ‘खाल्ली का?’ दुसऱ्यानं लिहायचं, ‘खाल्ली.’

हिमानीच्या वाट्याला शाहपूरचा चंदन आला, केळीवाल्या लोटू पाटलांचा पोरगा. माझी शाळा दुसरीत सुटली, पण अक्षराला अक्षर जोडून वाचता येतं. दोघांना ताकीद दिली, लिहायचं ते मला वाचता येईल असंच.

चंदन वात्रट. ‘आजी, तुम्हीच वाचताय ना? नमस्कार,’ असं लिहायचा. आपल्या पिवळ्या कॅप्सूलचा फोटो पाठवायचा. ‘आमची हळदीची, तुमची चुन्याची.’ मी हसले नाही. पण फोटो पाहायचे.

होळीनंतर मेसेज बदलले. एकदा हिमानीनं ‘खाल्ली’ लिहिलं, अन् लगेच उत्तर आलं.

‘उशीच्या खोळीत आहे.’

मी खोळ झटकली. गोळी खाली पडली.

औषधानं तिचं तोंड सुजून गोल झालं होतं. वर्गातल्या पोरी इडली म्हणायच्या. म्हणून बाईसाहेब गोळी चोरत होत्या.

“अन् त्याला सांगून बसलीस? अक्कल गहाण ठेवली का?”

“मी कशाला सांगू, आजी? पागल आहे का मी?”

मग ‘पावडरच्या डब्यात.’ मग ‘देवघरात, घंटेखाली.’ दरवेळी खरं निघालं. मला पोराचं कौतुक वाटलं. शाहपुरात बसून माझ्या घरातली चोरी पकडतो! मुलाला, योगेंद्रला म्हटलं, लाव त्याच्या बापाला फोन.

“लोटूभाऊ, तुमचा चंदन बहुत गुणाचा. आमच्या पोरीवर इतकं ध्यान ठेवतो.”

पलीकडून मळ्यातल्या मोटारीचा आवाज येत होता. कुणीतरी ती बंद केली.

“बाई, चंदनले होळीलेच अग्नी देला. गोळ्या चोरून फेकत होता, आम्हाले समजलंच नाही. त्याचा फोन कपाटात बंद पडेल आहे. तुम्ही कोनासंगं बोलता?”

माझ्या मांडीवर हिमानीचा फोन वाजला.

‘आजी, बाबांना रडवू नका.’

मी घाबरणारी बाई नाही. पण त्या दिवशी तो फोन मी खाटेवर उपडा घातला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. तो येतो, पाणी पितो, शांत होतो. आमच्या मालकांच्या, हिमानीच्या आजोबांच्या, घागरीबरोबर यंदा मी आणखी एक भरली. परघरचा पोरगा, म्हणून ती आत न ठेवता अंगणात लिंबाखाली ठेवली.

“चंदन, पाणी पी बाबा, अन् सुखानं जा.”

हिमानी दारात उभी होती. “त्याला घालवू नको ना, आजी. फिर मुझे कौन पकडेगा?”

“मी मेले का?” मी म्हटलं, अन् घागरीवर झाकणी ठेवली.

फोन गप्प झाला. हिमानी रोज माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, जीभ बाहेर काढून दाखवायची. मग अंगणात जाऊन चूळ भरायची. मी समाधानी.

तरी तिचे पाय सुजले. ताप चढला. लघवी बंद होत आली.

योगेंद्रनं गाडी काढली. डॉक्टर फोनवर विचारत होता, “गोळ्या चुकल्यात का? खरं सांगा. चुकल्या असतील तर उपचार वेगळा, नसतील तर वेगळा. आत्ताच कळायला हवं.”

“रोज खाल्ल्या,” हिमानी म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी खोळ झटकली. डबे उपडे केले. घंटा उचलली.

काही नाही.

जन्मात मी कुणापुढे पदर पसरला नाही. सासरी नाही, दवाखान्यात नाही. तिचा फोन घेतला. एका बोटानं अक्षरं शोधली.

‘चंदन, गोळ्या कुठे?’

फोन काळा पडला. मग उजळला.

‘घागरीत.’

मी लिंबाखाली गेले. झाकणी काढली. इतक्या उन्हातही पाणी काठोकाठ होतं, बोटभर उतरलेलं नव्हतं.

कोपरापर्यंत हात घातला.

तळाशी गोळ्या लागल्या. मूठ भरून. पांढऱ्या, अख्ख्या. गोळी पाण्यात विरघळते, हे मला शिकवायला डॉक्टर नको.

“चुकल्यात!” मी ओरडले. “योगेंद्र, सांग त्याला, आखाजीपासून चुकल्यात!”

त्यानं सांगितलं. पूर्णिमानं पोरीला मांडीवर घेतलं. गाडी निघाली.

मी अंगणात एकटी राहिले. मूठ उघडली.

पांढऱ्या गोळ्यांत एक पिवळी कॅप्सूल होती.

ती कोरडी होती. आणि आत्ताच कुणीतरी माझ्या हातात दिल्यासारखी गरम.