समोरून परत येणारा चेंडू

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं, पण जे मी या कानांनी ऐकलं ते खोटं कसं म्हणू?

आणि रात्र वगैरे काही नव्हती. गुरुवार होता. दुपारचे अडीच. जागा म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातली स्टाफची खोली. तिथे टेबल टेनिसचं एक जुनं टेबल आहे आणि शेजारी चादरींचं भांडार.

मी तिथे एक्स-रे काढतो. माझी मोठी बहीण तिथेच नर्स होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही खेळायचो. दोन वर्षं ताई मला टॉपस्पिन शिकवत होती. चेंडूला ठोकायचं नाही, खालून वर घासत न्यायचं. गुडघ्यापासून निघालेली बॅट कपाळापाशी थांबायला हवी. मग चेंडू गरगरत जातो, टेबलावर झपकन उतरतो आणि पुढे उसळतो. माझा मात्र थेट भिंतीवर जायचा. ताईने माझं नाव ठोक्या ठेवलं होतं.

"ठोक्या, श्वास सोड रे!" ती ओरडायची. "चेंडू काय छातीचा फोटो काढायला आलाय?"

खोड तिनेच पकडली होती. दिवसभर पेशंटना 'श्वास रोखा' सांगता सांगता मीही रोखतो. चेंडू आला की तेच. खांदा ताठ, आणि सगळी माती.

ती स्वतः कधी जोरात मारायची नाही. नुसती बॅट धरायची. मी कुठेही मारलं तरी चेंडू बरोबर माझ्या उजव्या हाताशी आणून द्यायची.

मग तिला खोकला सुरू झाला. फोटो मीच काढला.

"श्वास रोख, ताई."

तिला रोखता आला नाही. पडद्यावर काय आहे ते मला कळलं. बाहेर येऊन म्हणालो, "काही नाहीये गं. साधा खोकला आहे."

ती नुसती हसली. पाच महिन्यांत गेली. मी खोटं बोललो होतो, ते कबूल करायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने, त्या गुरुवारी, मी तळघरात उतरलो. ताईच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करवत नव्हतं. म्हणून टेबलाचा पलीकडचा अर्धा भाग उभा केला. एकट्याने खेळायचं तर असंच खेळतात, समोरची फळीच चेंडू परत देते.

पहिलाच फटका वाकडा गेला. डावीकडे. आता तो फळीवर आपटून कपाटाखाली जाणार...

तो माझ्या उजव्या हाताशी आला.

म्हटलं, योगायोग. आणखी वाकडा मारला.

पुन्हा उजव्या हाताशी.

मग आवाज लक्षात आला. फळीवर चेंडू आपटला की कोरडं 'टक' ऐकू येतं. हा आवाज मऊ होता... रबराचा... बॅटचा.

मी चेंडू मुठीत धरला. खोली रिकामी.

पण फळीच्या मागे कुणीतरी धापा टाकत होतं...

ती धाप मी ओळखली. फोटोच्या दिवशी ऐकली होती.

एक पाऊल मागे सरकलो, खोटं कशाला बोलू? पण पळालो नाही. आपल्याच माणसाला सोडून पळायचं तरी कुठे? मी पुढचा चेंडू मारला.

मग रोजचंच झालं. एक दिवस चादरींच्या भांडारातले मामा दारात आले.

"रोज कुणाशी खेळता हो?"

"एकटाच असतो, मामा."

"काहीतरीच! दोन बॅटी वाजतात. म्हातारा झालोय मी, बहिरा नाही."

मी हातातली एकुलती एक बॅट त्यांना दाखवली.

रोज ठरवायचो, आज ताईला खरं सांगायचं. रोज शब्द ओठांवर येऊन परत जायचे. न सांगावं असंही वाटायचं. सांगितलं आणि ती आलीच नाही तर?

शेवटी एका शुक्रवारी राहवलं नाही. चेंडू समोरून येत होता, बॅट गुडघ्याशी होती.

"ताई, मला त्याच दिवशी दिसलं होतं गं. मी खोटं बोललो."

आणि रडूच फुटलं. हुंदका आला की श्वास कसला रोखता? खांदा सैल पडला. हात आपोआप कपाळापर्यंत गेला. चेंडू घासला गेला, गरगरला, वरून खाली वळला...

टक.

कोरडा आवाज. फळीचा.

चेंडू जमिनीवर पडून घरंगळत गेला. मी कान देऊन उभा राहिलो. धाप थांबली होती.

त्यानंतर ती आली नाही. मुद्दाम वाकडे फटके मारून पाहिले, श्वास रोखून मारले. चेंडू जायचा तिकडेच जातो. स्टाफमधले म्हणतात, तुझा टॉपस्पिन झकास बसलाय. मी मान डोलावतो.

मनाला समजावतो, की तिने माफ केलं, शिकवणी संपली, ती सुटली. पण एक गोष्ट सलते. ऑपरेशननंतर एखादा पेशंट दोन पावलं चालला तरी ताई टाळ्या वाजवून 'शाब्बास' म्हणायची. सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं.

त्या शुक्रवारी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला जमलं. मी किती तरी वेळ वाट पाहत उभा होतो.

ती काहीच बोलली नाही.